चौघांतला चौथा

बॉक्सिंगचं वेड असलेली माणसं एकत्र बसली की याद्या सुरू होतात. सगळ्यांत मोठा कोण, कुणाचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) भारी, कुणाची हनुवटी दगडाची, अमका ऐन भरात असताना तमक्याशी लढला असता तर किती राउंड टिकला असता. चहा होतो, परत मागवला जातो, कुणीतरी मोबाइल काढून जुन्या लढतीतला नेमका तो ठोसा दाखवतो आणि समोरचा म्हणतो, "अरे, पण त्याच्या आधीचं बघ ना." मला या चर्चा मनापासून आवडतात. आकडे सगळ्यांना पाठ असतात, लढती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, तरी दोघांची यादी कधी जुळत नाही.

हेवीवेटवाले मुहम्मद अली आणि जो फ्रेझरपाशी रेंगाळतात. माझी गाडी अडते ती 1980 च्या दशकातल्या चौघांपाशी. शुगर रे लेनर्ड, मार्व्हलस मार्विन हॅगलर, रोबेर्तो दुरान आणि टॉमी हर्न्स. वेल्टरवेट (147 पौंड) ते मिडलवेट (160 पौंड) आणि त्याच्याही वरच्या गटांत वावरलेल्या या चौघांनी 1980 ते 1989 या दहा वर्षांत आपापसांत नऊ लढती केल्या. कुणी कुणाला टाळलं नाही असं म्हणणार नाही, लेनर्डने हॅगलरला बराच काळ ताटकळत ठेवलं होतं. पण शेवटी प्रत्येक जण प्रत्येकाशी लढला. आज एखाद्या वजनगटातले दोन अव्वल बॉक्सर समोरासमोर यायला पाच-पाच वर्षं लागतात, तेव्हा या नऊ लढतींची किंमत कळते.

आमच्या बैठकीत चौघांची क्रमवारी लागते तेव्हा पहिल्या तीन जागांसाठी हमरीतुमरी होते. चौथ्या जागेबद्दल कुणी तोंडसुद्धा उघडत नाही. ती हर्न्सची, ठरलेली. मला ते आजवर कधी मान्य झालेलं नाही.

विरोधी बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही. लेनर्डने बाकीच्या तिघांनाही हरवलं. हॅगलरने दुरानला आणि हर्न्सला हरवलं. तो लेनर्डकडून हरला, पण 6 एप्रिल 1987 चा तो निकाल आजही अनेकांच्या घशाखाली उतरत नाही. एका जजने 115-113 असा हॅगलरला कौल दिला, दुसऱ्याने तेवढाच लेनर्डला, आणि तिसऱ्याने 118-110 लेनर्डला. एकच लढत बघणाऱ्या तीन माणसांत एवढी तफावत! हॅगलर त्यानंतर पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. दुरानने जून 1980 मध्ये मॉन्ट्रियलला 15 राउंडच्या लढतीत लेनर्डला हरवलं, आणि लाइटवेटमध्ये, म्हणजे वेल्टरवेटपेक्षा हलक्या गटात, त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही असं म्हणणारे जाणकार ढिगाने सापडतात. हर्न्सच्या खात्यावर काय? दुरानवर एक विजय, लेनर्डशी एक हार आणि एक बरोबरी, हॅगलरकडून हार. दोन्ही हारी रेफरीने लढत थांबवून झालेल्या.

पण आता दुसरा प्रश्न विचारून बघा. लेनर्डच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र कोणती? 16 सप्टेंबर 1981. हॅगलरची? 15 एप्रिल 1985. दोन्ही रात्री समोर हर्न्स होता. लेनर्डमधला लढवय्या जगाला दिसला तो हर्न्समुळे. तोवर तो देखणा, टीव्हीवर शोभणारा, चपळ बॉक्सर होता. हॅगलरचं नाव बॉक्सिंग न बघणाऱ्यांच्याही तोंडी गेलं ते हर्न्समुळे. चौघांमधून हर्न्स वजा केला तर बाकीच्या तिघांच्या मोठेपणातला केवढा भाग गळून पडतो, याचा हिशेब आमच्या याद्यांत कुठेच नसतो.

हर्न्स जन्माने टेनेसीतला, 1958 चा. वाढला डेट्रॉइटमध्ये. तिथल्या क्रॉंक नावाच्या करमणूक केंद्राच्या तळघरात इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचा माणूस पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. तळघरात मुद्दाम उकाडा ठेवलेला असायचा, आणि तिथला सराव खऱ्या लढतीपेक्षा कठीण असतो अशी त्याची ख्याती होती. सोनेरी-पिवळा आणि लाल हे क्रॉंकचे रंग. 6 फूट 1 इंच उंचीचा, काडीसारखा पोरगा तिथे तयार झाला. पसरलेल्या हातांची लांबी 78 इंच. त्या काळात हेवीवेटच्या बॉक्सरलाही शोभेल अशी ही लांबी, आणि हा लढत होता 147 पौंडांच्या, म्हणजे जेमतेम 66.7 किलोच्या गटात.

हर्न्सला सगळे 'हिटमॅन' म्हणून ओळखतात, पण हौशी बॉक्सिंगमध्ये त्याचे नॉकआउट अगदी मोजके होते. तेव्हा तो जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर, आणि पायांवर गुण मिळवणारा बॉक्सर होता. उजव्या हातामागे सगळं अंग कसं घालायचं हे स्टुअर्डने व्यावसायिक झाल्यावर त्याच्याकडून घोटून घेतलं. लेनर्डसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या 32 लढतींत 32 विजय होते आणि त्यांतले 30 नॉकआउट. 1976 पासून वेल्टरवेटचा किताब सांभाळून असलेल्या पिपिनो क्वेवासला त्याने ऑगस्ट 1980 मध्ये डेट्रॉइटला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला, तेव्हा तो उजवा हात सगळ्या जगाने पाहिला. त्याच्या आतला जुना बॉक्सर मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिला होता.

मला या लढती बघायला शिकवलं ते खडकीला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी. लष्करात असताना त्यांनी स्वतः बॉक्सिंग केलं होतं, पुढे पोरांना शिकवलंही होतं. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅसेट होत्या, प्रतीवरून प्रत काढलेल्या, चित्रात मुंग्या आलेल्या. ते टीव्हीचा आवाज बंद करून लढत लावायचे. समालोचक त्यांचं मत आपल्या डोळ्यांत घालतात, असं त्यांचं म्हणणं. आणि मी ठोशांवर उसळलो की गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "पोरा, हात काय बघतोस? हात सगळेच बघतात. पाय बघ." मग कॅसेट मागे घेऊन तेच वीस सेकंद पुन्हा. ठोसा बसण्याच्या आधी पुढचा पाय कुठे पडला, टाच उचललेली होती का, मागचा पाय सरळ रेषेत राहिला की बाहेर निघाला. हर्न्सचा डावा हात पट्ट्याजवळ लोंबत असायचा आणि तिथूनच जॅब वर उसळायचा. समोरच्याला तो खांद्यावरून येताना दिसतच नसे. पण सुभेदारांच्या मते खरी गंमत हाताची नव्हती. तो जॅब टाकताना हर्न्स पुढच्या पायावर भार देत नसे, त्यामुळे लगेच मागे सरकता यायचं. भार पुढे पडला की समजायचं, आता उजवा येतोय.

आता 1981 ची रात्र.

लास वेगास, सीझर्स पॅलेसच्या मागे उभारलेली उघडी रिंग, वाळवंटातली गरम संध्याकाळ. दोन वेल्टरवेट विजेते, दोघांकडे एकेक बेल्ट. सगळ्यांचा अंदाज सरळ होता. लेनर्ड बॉक्सिंग करणार, हर्न्स मारायला जाणार. सुरुवातीला हर्न्सचा लांब जॅब लेनर्डच्या तोंडावर बसत राहिला आणि लेनर्डचा डावा डोळा सुजू लागला. सहाव्या राउंडमध्ये लेनर्डचा डावा हुक लागला आणि हर्न्स हलला. सातव्यात बरगड्यांवर मार. इथे दुसरा कुणी असता तर एक तर कोसळला असता, नाही तर चवताळून मारामारीत उतरला असता. हर्न्स पंजांवर उभा राहिला. गोल फिरायला लागला. डेट्रॉइटच्या तळघरातला, नॉकआउट न करणारा तो पोरगा परत आला, आणि पुढचे चार-पाच राउंड त्याने जगातल्या सर्वांत चपळ माणसाला जॅबवर खेळवलं. बॉक्सर मारायला धावतोय आणि मारणारा बॉक्सिंग करतोय! 22 वर्षांच्या पोराने, आयुष्यात पहिल्यांदा असा मार खाल्ल्यावर, लढतीच्या मधोमध आपली सगळी पद्धत बदलून दाखवली. माझ्या लेखी चौघांच्या नऊ लढतींमधलं हे सर्वांत उंच बॉक्सिंग आहे, आणि ते हरलेल्या माणसाचं आहे.

बारावा राउंड संपला तेव्हा लेनर्डच्या कॉर्नरमध्ये त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी त्याच्यावर अक्षरशः ओरडला की तू हातातली लढत घालवतो आहेस. तेराव्यात लेनर्ड एका डोळ्याने बघत घुसला. हर्न्सचे पाय गेले. एकदा तो दोरांतून बाहेर फेकला गेला. राउंड संपता संपता पुन्हा दोरांवर बसला आणि रेफरीने गिनती केली. चौदाव्यात लेनर्डने त्याला दोरांना खिळवलं आणि रेफरी डेव्ही पर्लने मध्ये पडून लढत थांबवली. त्या क्षणी तिन्ही जजांच्या कागदावर हर्न्स पुढे होता.

त्या लढतीसाठी हर्न्सचं वजन 145 पौंड भरलं होतं, मर्यादेच्याही दोन पौंड खाली. आधीच काडी, त्यातून आणखी दोन पौंड गेलेले. तेराव्या राउंडमधले त्याचे पाय बघताना मला ते दोन पौंड दिसतात.

आणि एक जर-तर, जो मी आमच्या बैठकीत दर वेळी मांडतो. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1982 मध्ये, त्याच सीझर्स पॅलेसमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना डुक कू किम हा कोरियन बॉक्सर चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर किताबाच्या लढती 15 ऐवजी 12 राउंडच्या होऊ लागल्या. लेनर्ड-हर्न्स 12 राउंडची असती तर हर्न्स जिंकला असता, सरळ सरळ, तिन्ही कागदांवर. यावर मित्रांचं उत्तर तयार असतं: लढत 15 चीच होती, दोघांनाही माहीत होतं, लेनर्डने दम राखून ठेवला हेच त्याचं मोठेपण. बरोबर आहे. लेनर्डचा विजय मी हिरावून घेत नाही. पण मग हाच नियम 1987 च्या हॅगलर-लेनर्डला लावा. ती 12 ची होती आणि शेवटाकडे लेनर्डचा दम संपत आला होता. आणखी तीन राउंड असते तर? इथे तेच मित्र गप्प होतात आणि मी जिलबी मागवतो.

हर्न्सचा दुरानवरचा विजय लोक "तेव्हा दुरान संपला होता" असं म्हणून बाजूला सारतात. हे मला अजिबात पटत नाही. त्या विजयाच्या आदल्या वर्षी, 1983 च्या जूनमध्ये, दुरानने डेव्ही मूरला हाणून किताब घेतला होता, नोव्हेंबरमध्ये हॅगलरसारख्या माणसासमोर तो 15 राउंड उभा राहिला आणि थोडक्यात हरला. सात महिन्यांनी, 15 जून 1984 ला, हर्न्सने त्याला पहिल्या राउंडमध्ये दोनदा खाली बसवला आणि दुसऱ्यात उजव्या हाताने असा मारला की तो तोंडावर पडला. त्याआधी दुरानला असं कुणीही पाडलं नव्हतं. आणि पुढे 1989 मध्ये, 37 व्या वर्षी, याच 'संपलेल्या' दुरानने इरान बार्कलीकडून मिडलवेटचा किताब घेतला. ज्या बार्कलीने 1988 मध्ये हर्न्सला तिसऱ्या राउंडमध्ये झोपवलं होतं, तोच हा. बार्कलीचे दोन्ही डोळे फाटलेले, हर्न्स सहज जिंकत असलेला, आणि एका उजव्या हाताने सगळं उलटलं. हर्न्सने दुरानला पाडलं, बार्कलीने हर्न्सला, दुरानने बार्कलीला. कोणी कुणाला हरवलं यावरून शिडी लावणाऱ्यांनी ही तिघांची शिडी लावून दाखवावी.

15 एप्रिल 1985 ला येतो. ही लढत मी किती वेळा पाहिली याला गणती नाही.

हॅगलर डावखुऱ्या पवित्र्याने लढायचा. उजवा बॉक्सर आणि डावखुरा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकतात, जॅबची वाट बंद होते आणि सरळ उजव्या हाताची वाट उघडी पडते. म्हणजे कागदावर ही लढत हर्न्सच्या उजव्या हातासाठीच मांडलेली होती. हॅगलरला हे चांगलं माहीत होतं. लांब हात सरळ व्हायलाच जागा द्यायची नाही, छातीला छाती लावायची, हा त्याचा इलाज. त्यासाठी आधी त्या उजव्या हाताखालून जावं लागणार होतं, आणि जाताना एक-दोन खावे लागणार होते. घंटा झाली आणि हॅगलर चालत नाही, धावत गेला.

पहिल्या अर्ध्या मिनिटातच हर्न्सचा उजवा बसला आणि हॅगलर हलला. मिडलवेटमधल्या बाकी कुणालाही तो ठोसा पुरला असता. हॅगलरने पाऊल मागे घेतलं नाही. पुढची अडीच मिनिटं दोघांनी जे केलं त्याला मी सुंदर म्हणतो आणि म्हणताना मला संकोच वाटत नाही. हॅगलरच्या कपाळातून रक्त यायला लागलं. त्याच राउंडमध्ये, हॅगलरच्या डोक्यावर, हर्न्सचा उजवा हात मोडला. बघणाऱ्यांना ते कळलं नाही. हर्न्सला कळलं होतं. पुढची लढत त्याने त्या हाताने केली, आणि तो हात तो टाकत राहिला.

सुभेदारांनी मला या लढतीचा दुसरा राउंड सर्वांत जास्त वेळा दाखवला. लोकांना पहिला आठवतो. दुसऱ्यात हर्न्सच्या पायांकडे बघा. तो 1981 सारखा फिरायचा प्रयत्न करतोय, पण टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत, वळताना गुडघा लचकतोय. लढतीआधी खोलीत कुणीतरी त्याच्या पायांना मालिश केलं होतं, त्याने पाय सैल पडले, असं स्टुअर्ड पुढे सांगत असे. कारण काहीही असो. पाय नाहीत, उजवा हात मोडलेला, समोर रक्ताने माखलेला आणि तरी थांबायला तयार नसलेला माणूस. हर्न्सने त्या राउंडमध्येही मिठी मारून वेळ काढला नाही. डावा टाकत राहिला, कपाळावरच्या जखमेवर.

तिसऱ्यात रेफरी रिचर्ड स्टीलने लढत थांबवून हॅगलरला डॉक्टरकडे नेलं. हॅगलरचा किताब त्या क्षणी एका डॉक्टरच्या मानेवर अवलंबून होता. मान होकारार्थी हलली. हॅगलर परत आला तो आता किती वेळ मिळेल याचा भरवसा नसलेल्या माणसासारखा. उजवा लागला, हर्न्स पाठ फिरवून अडखळत गेला, हॅगलर त्याच्यामागे पळाला आणि आणखी उजवे. हर्न्स आडवा. गिनती संपायच्या आत तो उठला, ही गोष्ट विसरली जाते. उठला, आणि स्टीलने त्याला कवेत घेऊन लढत संपवली. त्याच्या माणसाने त्याला लहान मुलासारखं उचलून कॉर्नरमध्ये नेलं.

आठ मिनिटांची ही लढत. हर्न्सने डोकं चालवलं असतं तर, असं लोक म्हणतात. लांब राहिला असता, जॅब टाकला असता, सहा-सात राउंडनंतर हॅगलर जखमेमुळेच थांबला असता. मला वाटतं ही शक्यता हर्न्सला रिंगमध्ये मिळालीच नाही. हॅगलरने ती पहिल्या पावलाला काढून घेतली, हेच हॅगलरचं मोठेपण. हर्न्सचं मोठेपण असं की दारच बंद झाल्यावर तो दारामागे लपला नाही. हॅगलर त्या रात्रीइतका मोठा आधी कधी दिसला नव्हता आणि नंतरही दिसला नाही. तेवढं मोठं व्हायला त्याला हर्न्सने भाग पाडलं.

अली आणि फ्रेझरचे चाहते हे सहज मान्य करतात. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कमध्ये पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने अली पडला आणि उठला, त्या उठण्यातून अलीच्या मोठेपणाची निम्मी गोष्ट सुरू होते. मनिलात 1 ऑक्टोबर 1975 ला प्रशिक्षक एडी फ्युचने चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरला उठूच दिलं नाही, तरी ती लढत दोघांची मानली जाते. हर्न्सच्या बाबतीत मात्र आपण हात आखडता घेतो.

याला कारण शून्याचं वेड. रॉकी मार्सियानो 49 लढती, हार शून्य. फ्लॉइड मेवेदर 50 लढती, हार शून्य. दोघांबद्दल मला आदर आहे, मेवेदरच्या बचावासारखा बचाव माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पण त्या शून्याने नव्या चाहत्यांची नजर बिघडवली. एक हार झाली की "उघडा पडला" म्हणतात. शुगर रे रॉबिन्सन, ज्याला बहुतेक जाणकार सर्वकाळचा पहिला मानतात, तो फेब्रुवारी 1943 मध्ये जेक लामोटाकडून डेट्रॉइटमध्ये हरला, आणि तीन आठवड्यांत त्याच शहरात, त्याच माणसाशी पुन्हा लढून जिंकला. कोल्हापूरकडे कुस्तीच्या फडावर बसणारी जुनी माणसंही पैलवानाबद्दल आधी विचारतात, लढला कुणाशी? किती जिंकला हे मागाहून.

हर्न्सच्या एकूण हारी पाच. लेनर्ड, हॅगलर, बार्कली दोनदा, आणि 2000 मध्ये उरायाह ग्रँटसमोर घोटा दुखावल्यामुळे सोडलेली. विजय 61. हॅगलरनंतर लोकांनी त्याला संपला म्हणून टाकलं होतं. त्याने 1987 मध्ये मार्चला लाइट हेवीवेटचा आणि ऑक्टोबरला मिडलवेटचा किताब घेतला आणि चार वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता होणारा तो पहिला माणूस ठरला. मिडलवेटसाठी त्याने पाडला हुआन रोल्दानला. अख्ख्या कारकिर्दीत हॅगलरच्या नावावर खाली बसल्याची एकच नोंद लागली, ती या रोल्दानसमोरची.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मार्च 1986 मध्ये हर्न्सने जेम्स शुलर नावाच्या फिलाडेल्फियाच्या बॉक्सरला पहिल्याच राउंडमध्ये बाद केलं आणि त्याचा उत्तर अमेरिकेचा बेल्ट जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत शुलर मोटरसायकलच्या अपघातात गेला. हर्न्स अंत्यविधीला गेला आणि तो बेल्ट त्याने शुलरच्या घरच्यांना देऊ केला. बेल्टची किंमत हर्न्सला ठाऊक होती. कुणाचा होता हेही ठाऊक होतं.

या सगळ्याची दुसरी बाजू आहे आणि ती टाळून मला हर्न्सवर लिहिता येणार नाही. तो 2006 पर्यंत लढत राहिला, वयाच्या 47 व्या वर्षापर्यंत. नंतरच्या मुलाखतींत त्याची जीभ जड झालेली ऐकू येते. आम्ही ज्या लढतीला 'युद्ध' म्हणून मिरवतो तिचा एक हिस्सा त्या बोलण्यात आहे. किमच्या मृत्यूने राउंड कमी झाले, डॉक्टरांचे अधिकार वाढले, ते योग्यच झालं. माझा मघाचा जर-तरही त्या मृत्यूवर उभा आहे, हे मी विसरत नाही. म्हणूनच हर्न्सबद्दल बोलताना "पाय कच्चे", "हनुवटी काचेची" असं कुणी हसत म्हटलं की मला राग येतो. तो माणूस चौघांमध्ये सर्वांत सडपातळ होता आणि वजनाने मोठ्या माणसांशी लढायला पुन्हा पुन्हा गेला.

लेनर्डशी दुसरी लढत व्हायला आठ वर्षं गेली. 12 जून 1989. बार्कलीने झोपवून वर्ष झालेलं, सगळे म्हणत होते हर्न्स आता मोडीत निघाला. त्याने लेनर्डला दोनदा खाली बसवलं, तिसऱ्या राउंडमध्ये आणि अकराव्यात. निकाल बरोबरी. एक जज 113-112 हर्न्सला, दुसरा 113-112 लेनर्डला, तिसरा 112-112. ती लढत हर्न्स जिंकला होता हे पुढे खुद्द लेनर्डने मान्य केलं. रेकॉर्डमध्ये मात्र बरोबरीच आहे, आणि याद्या रेकॉर्डवरून लागतात.

हर्न्सची जी लढत फारसं कोणी बघत नाही ती 3 जून 1991 ची. समोर व्हर्जिल हिल, लाइट हेवीवेटचा विजेता, तोवर एकही हार नसलेला, 1984 च्या ऑलिम्पिकचा रौप्यपदकविजेता. हर्न्स 32 वर्षांचा, वेल्टरवेटपासून 28 पौंड वर आलेला. हिलचं सगळं बॉक्सिंग जॅबवर उभं होतं. हर्न्सने 12 राउंड त्याला जॅबवरच हरवलं. डावा हात खाली, पट्ट्याजवळ, तिथून उसळणारा. तिन्ही जजांनी हर्न्सला कौल दिला. पुढच्या बैठकीत यादी निघाली की मी आधी ही लढत लावणार आहे, आवाज बंद करून, 1985 ची त्याच्यानंतर.